शेततळं उन्हाळ्यात हिरवं पडतं तेव्हा: तापमान, शेवाळ आणि पीएचचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, कागद घातलेलं शेततळं आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, आलं की कालव्याचं पाणी, एरवी विहिरीचं. त्यात हौसेने रोहू-कटला सोडलेत. जानेवारीत पाणी २१ अंश होतं आणि तळ दिसत होता. होळीनंतर ते हिरवं पडायला लागलं. आता एप्रिलमध्ये दुपारी वरचं पाणी ३१ अंश आणि पीएच ९.४ दाखवतो, तर सकाळी सातला २७ अंश आणि ७.९. सकाळी मासे तोंड वर काढून उभे असतात आणि ठिबकचा फिल्टर दिवसातून तीनदा धुवावा लागतो. त्यांचं विचारणं: हे सगळं उन्हामुळे का? पीएच मीटर बिघडलाय का? आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू, की शेडनेट घालू?

आधी मीटर, कारण तो प्रश्न लवकर संपतो. मीटर बहुधा ठीकच आहे. हिरव्या पाण्यात सकाळ आणि दुपार यांच्यात दीड अंकाचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. एकच करा: पीएच ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांवर मीटर जुळवला असेल तर ७ आणि १० वर जुळवून घ्या, तुमचं पाणी त्या बाजूचं आहे. मीटरवर ‘तापमान भरपाई’ असं काही लिहिलेलं असलं, तरी ती भरपाई फक्त इलेक्ट्रोडच्या संवेदनशीलतेची असते. पाण्याचा स्वतःचा पीएच तापमानाने जो हलतो तो तसाच दिसणार, आणि दिसायलाच हवा.

आता मुख्य गोष्ट. उन्हामुळे शेवाळ येतं हे अर्धंच खरं आहे. शेवाळाला लागतो उजेड आणि खत, तापमान फक्त वेग ठरवतं. पण हा वेग हलक्यात घेऊ नका. पाणी २१ वरून ३१ वर गेलं की बहुतेक सूक्ष्म शेवाळांचा वाढीचा कमाल वेग जवळजवळ दुप्पट होतो. दर दोन दिवसांनी दुप्पट होणारं शेवाळ दहा दिवसांत ३२ पट होतं. रोज दुप्पट होणारं तेवढ्याच दहा दिवसांत १,०२४ पट. म्हणून जानेवारीभर काही दिसत नाही आणि मार्चमध्ये एका आठवड्यात तळ दिसेनासा होतो. तळं तेच, खत तेच, फक्त दहा अंश वर.

शिवाय सगळी शेवाळं एकाच तापमानाला खूश नसतात. थंड पाण्यात, साधारण १५ ते २५ अंशांत, तपकिरी झाक असलेले डायटम (कवचधारी सूक्ष्म शेवाळ) जोरात असतात. २५ ते ३० च्या दरम्यान हिरवी शेवाळं. त्याच्याही वर, ३५ पर्यंत, नीलहरित शेवाळ बाजी मारतं. गरम पाणी पातळ असतं, ३० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के कमी चिकट. त्यामुळे जड कवचाचे डायटम लवकर बुडतात. मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित शेवाळाच्या पेशींत मात्र वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, ते तरंगत वर येऊन उजेडाची जागा पकडतं. तुमचं कुठलं आहे हे ओळखायचं असेल तर पारदर्शक बाटलीत पाणी भरून काही तास न हलवता ठेवा. वर हिरव्या रंगाच्या सायीसारखा थर जमला तर नीलहरित समजा. पाणी सगळीकडे सारखं हिरवं राहिलं किंवा खाली बसायला लागलं तर साधं हिरवं शेवाळ. वर थर आला तर ते पाणी जनावरांना पाजू नका. या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात, आणि पाणी उकळलं तरी ते विष जात नाही.

वेग तापमानाचा, पण मर्यादा खताची, विशेषतः फॉस्फरसची. याचा हिशेब एकदा मांडून बघा. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तुमच्या भरलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. शेवाळाच्या सुक्या वजनात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक किलो फॉस्फरसवर शंभर किलो सुकं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, आणि एवढं शेवाळ २२ लाख लिटर गडद हिरवं करायला पुरेसं आहे. एक किलो फॉस्फरस म्हणजे किती? १२-६१-० या विद्राव्य खताचं चार किलो. डीएपीचं पाच किलो. व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत सोडायच्या जोडणीतून) उलटं आलेलं पाणी, तळ्याच्या काठावर धुतलेली खताची टाकी, माशांना घातलेली शेणाची पाटी, आवर्तनाच्या पाण्याबरोबर आलेला गाळ. चार किलो कुठून आलं ते शोधायला लांब जावं लागत नाही.

आणि गाळात अडकलेला फॉस्फरस कायमचा अडकलेला नसतो. तळाशी ऑक्सिजन आहे तोवर लोहाचे क्षार त्याला धरून ठेवतात. ऑक्सिजन संपला की ते बंध सुटतात आणि फॉस्फरस परत पाण्यात येतो. गरम पाण्यात तळाचा ऑक्सिजन लवकर संपतो, म्हणजे उन्हाळ्यात तळं स्वतःच स्वतःला खत घालतं. तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढा असं मी सांगतो ते यासाठी. लोकांना तो खर्च नको असतो, औषधाचा चालतो.

आता पीएच. विहिरीचं पाणी आपल्याकडे बायकार्बोनेटने भरलेलं असतं, काळ्या रानातली चुनखडी त्याला कारण आहे. दिवसा शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. तो संपत आला की बायकार्बोनेटमधला कार्बन काढून घेतं, मागे कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड उरतात, आणि पीएच चढतो. रात्री उजेड नाही, पण शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड परत सोडतात, पीएच उतरतो. तापमान इथे दोन बाजूंनी हात घालतं. ३१ अंशांच्या पाण्यात २१ अंशांच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड जवळपास पाव हिस्सा कमी विरघळतो, आणि शेवाळ तो जास्त वेगाने ओढतं. साठा लहान, उपसा मोठा. म्हणून जानेवारीत कदाचित ८.२ वर थांबलेला दुपारचा पीएच एप्रिलमध्ये ९.४ ला जातो.

याच्या पाठोपाठ चुना येतो. पीएच चढला की कॅल्शियम कार्बोनेट बसायला लागतं, आणि इतर बहुतेक क्षारांच्या उलट ते गरम पाण्यात कमी विरघळतं. कागदावरची पांढरी पुटं, दुपारी पाण्याला येणारी दुधी झाक, ड्रिपरच्या तोंडावरचा दगड, सगळं त्याचंच. ठिबक बंद झाल्यावर काळ्या लॅटरलमध्ये (ड्रिपर बसवलेल्या नळीत) राहिलेलं पाणी उन्हात तळ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, त्यामुळे चुना तिथे आधी बसतो. शेवाळाची लाळ आणि चुना एकत्र आले की नुसत्या आम्लाने ड्रिपर सुटत नाहीत, आणि नुसत्या क्लोरीननेही नाही.

आता मासे तोंड वर का काढतात ते पाहू. दुपारी याच तळ्यात ऑक्सिजन मोजलात तर प्रति लिटर १२-१५ मिलिग्रॅमही दिसेल, पाणी धरू शकतं त्यापेक्षा जास्त. संकट पहाटे असतं. समुद्रसपाटीला २० अंशांचं गोडं पाणी हवेतून लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांचं ७.६. आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत, म्हणून त्यातून सहाएक टक्के वजा करा: ८.५ आणि ७.१. एवढ्यावर भागलं असतं तर काही वाटलं नसतं. पण दहा अंश वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, शेवाळाचा, माशांचा, गाळातल्या जिवाणूंचा, सगळ्यांचा. साठा सहाव्या हिश्श्याने घटला आणि खर्च दुपटीने वाढला. रोहू-कटल्याला ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, ३ च्या खाली ते तगमगतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधीचा आकडा खरा. दुपारचा आकडा बघून कुणी निर्धास्त राहू नये.

अमोनियाचा मुद्दा जरा नीट समजून घ्या, कारण इथे उष्णतेला फुकटचा दोष दिला जातो. किटने जो अमोनिया मोजतो तो एकूण असतो. त्यातला काही अमोनियम असतो, तो फारसा त्रास देत नाही. काही मोकळा अमोनिया असतो, तो कल्ल्यांतून आत शिरतो. कोणाचा हिस्सा किती हे पीएच आणि तापमान मिळून ठरवतात. पीएच ८ असताना २० अंशांना मोकळा हिस्सा ३.८ टक्के, ३० अंशांना ७.५ टक्के. म्हणजे तापमानाने दुप्पट केला. आता तुमचे आकडे घ्या. सकाळी २७ अंश आणि ७.९ असताना सुमारे ५ टक्के. दुपारी ३१ अंश आणि ९.४ असताना ६८ टक्क्यांच्या आसपास. एकूण अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम धरला तर मासे सकाळी ०.०५ मध्ये पोहतात आणि दुपारी जवळजवळ ०.७ मध्ये. हेच पाणी ९.४ ला पण २१ अंशांवर असतं तरी हिस्सा ५० टक्क्यांच्या वरच राहिला असता. थोडक्यात, इथला मोठा धक्का पीएचचा आहे, आणि पीएच चढवलाय शेवाळाने.

दिलासा एवढाच की शेवाळ जोमात असताना ते अमोनिया खातंही, त्यामुळे हिरव्या तळ्यात एकूण अमोनिया बरेचदा कमीच निघतो. धोका शेवाळ एकदम मरतं तेव्हाचा. दोन दिवस आभाळ आलं, खत संपलं, किंवा कुणी मोरचूद ओतलं, की पाणी एका रात्रीत तपकिरी होतं, कुजायला लागतं, ऑक्सिजन पार घटतो आणि अमोनिया वाढतो. गरम पाण्यात हे कुजणंही दुप्पट वेगाने होतं, सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणूनच आता, एप्रिल-मेमध्ये, मोरचूद नको. बोर्डो मिश्रणामुळे (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) ते प्रत्येक द्राक्षवाल्याच्या खोलीत असतं आणि हात पटकन तिकडे जातो. मत्स्यशेतीत रूढ ठोकताळा असा आहे: पाण्याची एकूण अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट-कार्बोनेटचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) भागिले १००, जेवढे येतील तेवढे मिलिग्रॅम मोरचूद लिटरला. तुमची अल्कलिनिटी २५० निघाली तर २.५ मिलिग्रॅम, भरलेल्या तळ्याला साडेपाच किलो. पण एप्रिलमध्ये तळं भरलेलं नसतं. पाणी निम्मं आणि मोरचूद पूर्ण, अशी चूक नेमकी उन्हाळ्यात होते. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर माशांच्या तळ्यात ते वापरूच नये, आणि फार जास्त असेल तर तांबं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, उपयोग थोडाच. करायचंच असेल तर पाणी थंड असताना, हिरवा रंग नुकता दिसायला लागला असताना, तळ्याचा एक भाग आज, दुसरा आठवड्याने. नीलहरित शेवाळाच्या दाट थरावर तर मुळीच नाही. पेशी फुटल्या की आतलं विष पाण्यात मोकळं होतं.

शेडनेटला माझा पाठिंबा आहे, पण कारण वेगळं. नेटने पाणी दोन-तीन अंश थंड झालं तरी शेवाळ थांबत नाही, उजेड कमी झाल्याने थांबतं. बाष्पीभवन वाचतं तो वरचा फायदा. तुमच्या तळ्याचा पसारा ९०० चौरस मीटर आहे, सांगाडा आणि तारा धरून खर्च बघा, आणि वळवाच्या वाऱ्यात तो टिकेल का तेही बघा. पूर्ण झाकलंत तर दिवसाचा ऑक्सिजनही बंद होतो, मासे ठेवायचे असतील तर मग एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लागणारच. सावलीसाठी कृष्णेतली जलपर्णी आणून सोडायची कल्पना मात्र कुणी सुचवली तर हात जोडा. ती पाणीही उडवते आणि खालचा ऑक्सिजनही मारते.

नदीचं नाव निघालं म्हणून सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणीही एप्रिलमध्ये गरमच असतं. पण नदी वाहती असली की शेवाळाला दुप्पट-चौपट व्हायला लागणारे दिवस एका जागी मिळत नाहीत, ते पुढे वाहून जातं. प्रवाह मंदावला आणि बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं की नदीही तळ्यासारखी वागायला लागते. शेततळ्यात पाणी महिनोन्‌महिने उभं असतं.

उभ्या पाण्याचा दुसरा त्रास म्हणजे थर. पाणी गरम असताना एकेका अंशाने त्याची घनता जास्त बदलते. ३० आणि ३१ अंशांच्या पाण्यातला फरक १० आणि ११ च्या फरकाच्या सुमारे तिप्पट असतो. त्यामुळे उन्हाळ्यात वरचं गरम पाणी खालच्यावर घट्ट बसतं, आणि भरावाच्या आडोशामुळे वाराही त्याला ढवळू शकत नाही. खाली उजेड नाही, ऑक्सिजन नाही, सडक्या अंड्याचा वास. मग एका संध्याकाळी वळीव येतो. थंड पाणी वरून पडतं, वारा सुटतो, वरचं पाणी जड होऊन खाली जातं आणि खालचं घाण पाणी वर येतं. सकाळी मासे उलटे. लोक म्हणतात विजेने मेले.

हे टाळायला रोज पाणी हलतं ठेवा. एरेटर नसेल तर मोटरने मीटरभर खोलीवरचं पाणी उचलून फवाऱ्यासारखं तळ्यात परत पाडा, मध्यरात्रीनंतर ते उजाडेपर्यंत. ज्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात हे सोपं जातं, दिवसाची पाळी असेल तेव्हा जनरेटर किंवा माशांची संख्या कमी, यांतलं एक निवडा. मात्र तळाशी आधीच वास मारत असेल तर एकदम तळ ढवळू नका, वरून थोडं थोडं खोल जा. माशांचं खाद्य आणि शेण आजपासून बंद. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ३०-४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर माशांना ते चांगलंच पाणी आहे. वीसच्या आत दिसेनाशी झाली तर पहाटे जागं राहायची तयारी ठेवा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) मासा हे सूक्ष्म शेवाळ काही प्रमाणात खातो. गवत्या (ग्रास कार्प) मासा तारेसारख्या लांब शेवाळाला उपयोगी, हिरव्या पाण्याला नाही.

ठिबकसाठी फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंड) तरंगता करा, पृष्ठभागाच्या खाली दोन-तीन फुटांवर. वर तरंगणारा थर येणार नाही आणि तळाचा गाळही नाही. सँड फिल्टरचा आत-बाहेरचा दाबफरक ०.३ ते ०.५ किलोवर (प्रति चौरस सेंटिमीटर) गेला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुणं, घड्याळ बघून नाही. क्लोरीनला मात्र घड्याळ बघूनच. ब्लीचिंग पावडरमधलं जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल पीएच ७.९ ला सुमारे २८ टक्के असतं, ९.४ ला जेमतेम एक टक्का. तीच पावडर पहाटे दिली तर लागू पडते, दुपारी दिली तर वाया. ती लॅटरलमध्ये द्या, तळ्यात कधीच नाही. आम्ल प्रक्रिया वेगळ्या दिवशी करा. दोन्ही एका बादलीत आली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

शेवटी, तुम्ही विचारलं नाही पण द्राक्षवाल्यांनी विचारायला हवं असं एक. फवारणीचं पाणी याच तळ्याचं असेल तर ते दुपारी भरू नका. कॅप्टनसारखं बुरशीनाशक पीएच ५ च्या पाण्यात तासन्‌तास टिकतं, ९ च्या पुढे काही मिनिटांत निम्मं होतं, आणि पाणी गरम असेल तर त्याहून लवकर. टाकी पहाटे भरा, पीएच बघा, लेबलवर मनाई नसेल तर सायट्रिक आम्लाने ६ ते ६.५ वर आणा, आणि कालवलेलं औषध तासाभरात संपवा. बोर्डो किंवा दुसरं कुठलंही तांब्याचं औषध असेल तेव्हा आम्ल अजिबात घालू नका. मोकळं तांबं वाढून कोवळी पानं करपतात.